उजवीकडून डावीकडे

१

काचेचं कपाट बंद होतं, कुलूप जागच्या जागी होतं आणि आत कॅमेरा नव्हता.

ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली, कारण मी मामाच्या थिएटरच्या लॉबीत मधोमध उभी राहून कौतुक गोळा करत होते. चित्रपट मंडळाच्या वार्षिक संध्याकाळी सभासदांनी केलेल्या छोट्या फिल्म्स दाखवतात. मंडळात बहुतेक सगळे पिकल्या केसांचे, शाळेत जाणारी मी एकटी. माझी फिल्म मध्यंतराच्या जरा आधी लागली होती. आमच्याच थिएटरवर केलेली, गुन्हेपटाच्या थाटाची. एक शब्द नाही, नुसत्या सावल्या आणि संगीत. टाळ्या थांबेचनात. वर्षभरापूर्वी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा चाचरायचे. त्या संध्याकाळी मान इतकी ताठ होती की हातभर अंतरावरचं कपाट मला दिसलं नाही.

मामाला दिसलं. कपाटासमोर उभा असलेला कार्यक्रमाचा भलामोठा फलक त्यानं गर्दीसाठी बाजूला सरकवला आणि तो तसाच फलक धरून उभा राहिला. आत लाल मखमलीवर नुसता खळगा होता. तिथे आजोबांचा कॅमेरा असायचा. चावी देऊन चालणारा, एका हातात मावेल एवढा. थिएटर उघडलं त्या दिवशी दारातली गर्दी आजोबांनी त्याच कॅमेऱ्यानं टिपली होती. मामा तो कुणाला पुसूही देत नसे.

सगळे एकदम बोलायला लागले. मंडळाचे सर तेवढे गप्प होते. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, “आपण आत्ताच काहीतरी पाहिलं, नाही का?”

मामानं सगळ्यांना आत सभागृहात बसवून माझी फिल्म पुन्हा लावली आणि सरांनी सांगितलं तिथे थांबवली.

मागचा पॅसेज. जाळीतून आलेल्या उन्हाचे पट्टे भिंतीवर. उजवीकडून टॉर्चकाका येतात, पलीकडच्या खांद्यावर गाठोडं, अलीकडे कमरेचा टॉर्च उन्हात लकाकतो. मध्यावर ते थबकतात, थेट कॅमेऱ्यात बघतात, पकडला गेलेला माणूस बघेल तसं, आणि घाईनं डावीकडे निघून जातात. पॅसेजच्या उजव्या अंगाला लॉबी, ऑफिस, कपाट. डाव्या टोकाला मागचं अंगण आणि रस्ता. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं.

टॉर्चकाका म्हणजे आमचे दारावरचे. मी रांगत होते तेव्हापासूनचे. ते शेवटच्या रांगेमागे उभे होते, आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. मामानं विचारलं, गाठोड्यात काय होतं. ते बोलले नाहीत. मामानं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज फाटला. तरी नाही.

आणि मग मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं.

“त्यांनी मला तो भाग काढून टाकायला सांगितलं होतं.”

सभागृहात एकच सुस्कारा उठला. टॉर्चकाकांनी माझ्याकडे बघितलं, मग कमरेचा पट्टा सोडवला, टॉर्च म्यानासकट मामाच्या हातात ठेवला आणि दार ढकलून गेले. दार हलत राहिलं. मला वाटलं, काय चौकट आहे.

२

सरांनी मला वर्षभरात काय दिलं ते सांगायला हवं, नाहीतर मी इतकी कशी शेफारले ते कळणार नाही.

सर कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. मंडळात दर सुट्टीच्या सकाळी ते पडद्याशेजारी उभे राहून चित्रं थांबवत आणि सांगत: गुन्हेपटात खोली ही नुसती खोली नसते. माणूस दाराच्या चौकटीत उभा केला की तो अडकला. छत खाली आणलं की त्याच्या डोक्यावर काहीतरी आहे. दोघांच्या मधे खांब आला की त्यांच्यात काहीतरी तुटलंय, त्यांना अजून कळायचंय इतकंच. माणसाला कडेला ढकलून बाकी जागा मोकळी सोडली की त्या मोकळ्या जागेतून कुणीतरी येणार. आणि गजांची सावली अंगावर पडली, की पोलीस यायच्या आधीच तो कैदी.

त्यानंतर मला माणसं साधी दिसेनाशीच झाली. आई स्वयंपाकघराच्या दारात: अडकलेली. बाबा टेबलाच्या कडेला: अपराधी. बाबांनी खरंच शेवटचं बिस्किट खाल्लेलं निघालं तेव्हा तर माझा सिद्धांतावर पक्काच विश्वास बसला.

म्हणून दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, “भिंगरी, चोर तूच दाखवलास. आता कॅमेरा कुठं गेला तेही बघ,” तेव्हा मी शाळेचं दप्तर ऑफिसात टाकून लगेच कामाला लागले. घरात मला भिंगरी म्हणतात, का ते यावरून कळावं.

मामा पोलिसांत जायला तयार नव्हता. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस, त्याला चौकीत उभं करायचं कसं. त्यानं टॉर्चकाकांना तीन दिवसांची मुदत द्यायची ठरवलं: कॅमेरा परत आला तर विषय संपला, नाहीतर तक्रार. टॉर्च त्याच्या टेबलावर पडला होता. मधूनमधून मामा तो उचलायचा आणि परत ठेवायचा.

मी नोंदी घेतल्या. शूटिंगच्या दिवशी, म्हणजे कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी, सकाळी मामानं कॅमेरा पुसला होता, म्हणजे तोवर तो होता. मग मामा दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन परतला. कपाटाची किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते. ऑफिस उघडू शकणारे तिघे: मामा, टॉर्चकाका, आणि मंडळाचा कॉम्प्युटर तिथे असतो म्हणून सर. त्या दुपारी मंडळाचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मी पॅसेजमध्ये चालू सोडला होता. उन्हाचे पट्टे भिंतीवरून सरकताना मला हवे होते. मी स्वतः वर बाल्कनीत रिकाम्या खुर्च्या टिपत बसले होते. टॉर्चकाका येऊन गेले हे मला नंतर चित्रणातच दिसलं. संध्याकाळी ते जवळ येऊन म्हणाले होते, “तुझं मशीन चालू होतं का गं? मी मधे आलो असेन तर तेवढं काढून टाक, पोरी.” मी हो म्हटलं आणि काढलं नाही. तो चेहरा माझ्या फिल्ममधला सगळ्यात चांगला चेहरा होता.

पहिली साक्ष तिकीटमावशींची. त्या खिडकीमागे बसलेल्या असतात, बाहेरून फक्त हात आणि हनुवटी दिसते. मी मनात लगेच चौकट मांडली: चेहरा लपवणारी बाई.

“या डायरेक्टरीणबाई,” त्या म्हणाल्या. “आता माझा नंबर का? मला कडेला ढकलणार की गजाआड घालणार?”

त्यांना त्या दुपारी कुणी दिसलं नव्हतं, त्यांच्या खोलीचं दार रस्त्याकडे आहे आणि त्या सुनेशी फोनवर बोलत होत्या. पण बोलता बोलता दोन गोष्टी त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितल्या. एक म्हणजे त्या दुपारी लॉबी झाडताना कपाटाशी काचेचा चुरा निघाला. बल्ब फुटला असेल म्हणून वर बघितलं तर सगळे बल्ब शाबूत. कपाटाच्या काचाही शाबूत. दुसरी म्हणजे तो मेला फलक. सकाळी दारापाशी होता, संध्याकाळी कपाटापुढे. “तुमच्या सरांची हौस. इथं उठून दिसेल म्हणाले. त्या फलकाला वळसा घालून घालून माझी कंबर गेली.”

मी चुरा लिहून घेतला. फलक लिहिला नाही. तो मला हौसेचाच भाग वाटला.

खिडकी बंद करता करता मावशी म्हणाल्या, “तुला लहानपणी अंधारात खुर्चीपर्यंत कोण न्यायचं, आठवतंय ना?”

३

आठवत होतं. टॉर्चकाका उजव्या कमरेचा टॉर्च पिस्तुलासारखा उपसायचे आणि मी खिदळायचे. मलाही धरायला द्यायचे. एकदा मी उजेड एका उशिरा आलेल्या माणसाच्या तोंडावर मारला, तेव्हा त्यांनी माझा हात खाली केला. म्हणाले, उजेड पायांपुढे धरायचा. तोंडावर कधी मारायचा नाही. माणूस अंधारात येतो तेव्हा त्याला कुणी बघू नये असंच वाटत असतं.

मावशींचं बोलणं झटकून मी सरांकडे गेले. ते ऑफिसात माझी फिल्म स्पर्धेला पाठवायचा अर्ज भरत होते. मी चुऱ्याचं सांगितलं. ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, चोरी करताना काहीतरी फुटलं असेल, तपास हा मोठ्यांचा प्रांत आहे, माझं काम झालं आहे आणि उत्तम झालं आहे. फिल्ममधलं एक दृश्यही आता बदलू नकोस. मग नेहमीसारखं एक सुंदर वाक्य: “चौकटीत जे नसतं, ते प्रेक्षक स्वतःच्या मनातल्या पापानं भरतो.”

एरवी मी ते वाक्य वहीत उतरवलं असतं. त्या दिवशी मला फक्त त्यांच्या अंगठ्याची पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाले, पान लागलं पुस्तकाचं.

पाठवण्याआधी त्यांना फिल्म मोठ्या पडद्यावर एकदा तपासायची होती. मामा वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेला. मला बसून बघायचा कंटाळा आला होता, ही पहिलीच वेळ माझ्याच फिल्मचा कंटाळा येण्याची. मी विचार केला, थिएटरमध्ये एक जागा अजून कुणी शोधलेली नाही. पॅसेजमधून, लॉबीच्या जरा अलीकडे, पडद्यामागे जायचं एक बुटकं दार आहे. कुणी काही लपवायचं ठरवलं तर याहून चांगली जागा नाही.

दार ढकललं. आत धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास. मोठाले स्पीकर, आणि त्यांच्या मागे भिंतीशी कुणीतरी लपवून ठेवलेलं एक गाठोडं.

४

चोर पकडल्याचा आनंद मावत नव्हता. मी गाठ सोडली.

आत एक सतरंजी होती. उशी, अभ्रा घरी शिवलेला. दोन शर्ट, घडी घातलेले. दाढीचं सामान, फुटका कोपरा असलेला आरसा. औषधाच्या गोळ्यांची पट्टी. आणि एक फोटो: टॉर्चकाका, त्यांची गेलेली बायको आणि मधे शाळेच्या गणवेशातला त्यांचा मुलगा.

कॅमेरा नव्हता. ते चोरीचं गाठोडं नव्हतंच. ते बिऱ्हाड होतं.

मी ते तसंच उघडं टाकून बसले होते, तेवढ्यात पडदा उजळला. सिनेमाच्या पडद्याला बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज पुढे जावा म्हणून. त्यामुळे मागूनही चित्र फिकट दिसतं. फक्त उलटं, आरशातल्यासारखं. माझीच फिल्म होती. ऊन, पट्टे, आणि टॉर्चकाका चालत आले. या बाजूनं बघताना ते डावीकडून उजवीकडे चालले होते. अंगणाकडून आत.

उलटं दिसतंय म्हणून, हे माझ्या लक्षात आलं. पण मग त्यांच्या कमरेचा टॉर्च लकाकला, आणि तो उजव्या कमरेला होता. जिथे असतो तिथे.

मी उभी राहिले. पडद्यापुढे बसून बघताना ते उजवीकडून डावीकडे जातात, म्हणजे त्यांची डावी बाजू आपल्याकडे. उजव्या कमरेचा टॉर्च मग पलीकडे जायला हवा, आपल्याला दिसायलाच नको. पण दिसतो. इतक्या जणांनी बघितला, मी तर शेकडो वेळा बघितला. म्हणजे पडद्यापुढचं चित्र उलटं होतं आणि पडद्यामागचं सुलटं.

ते कुणी उलटवलं होतं, हे आठवायला मला शोध घ्यावा लागला नाही. मी. एक कळ दाबून. सर शेजारी बसले होते. ते म्हणाले होते, आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, डोळ्याला तीच सवय, म्हणून उलट दिशेनं येणारा माणूस नकळत खुपतो. याला फिरव, बघ कसा अपराधी दिसेल. मी फिरवलं. आम्ही दोघं हसलो होतो, इतकं छान दिसलं ते. मग ते उलटं मी इतक्या वेळा बघितलं की माझ्या डोक्यात तेच घडलेलं झालं.

असं मी स्वतःला सांगितलं. पूर्ण खरं ते नव्हतं. त्या संध्याकाळी सरांनी चित्र थांबवलं तेव्हा मला आत काहीतरी टोचलं होतं. थोडंसंच. टाळ्यांची ऊब अजून अंगावर होती आणि मी ते टोचलेलं बाजूला सारलं होतं.

५

मूळ चित्रण माझ्याकडे होतं. फिल्ममध्ये त्याचा आवाज काढून मी संगीत घातलं होतं. घरी येऊन कानाला हेडफोन लावले आणि पहिल्यांदाच ते नुसतं ऐकलं.

बराच वेळ रिकामी भिंत. मग उजवीकडून, चौकटीच्या बाहेरून, लॉबीच्या दिशेनं, काहीतरी जमिनीवर पडून काच फुटल्याचा आवाज. शांतता. कुणीतरी घसा खाकरला. कपाटाचं दार लागलं, कुलूप. आणि या सगळ्यानंतर डावीकडचं अंगणाचं दार करकरलं आणि टॉर्चकाका आत आले, खांद्यावर बिऱ्हाड घेऊन. माझ्या कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसताच थबकले. ते बावरणं चोराचं नव्हतं. घर सुटलेल्या माणसाचं होतं, आणि मी ते टिपून त्यावर संगीत लावलं होतं.

आई जेवायला हाका मारत होती. मी भात नुसता चिवडला. बाबांनी विचारलं, स्पर्धेचं टेन्शन आलं का, आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाठोडं घेऊन त्यांना शोधायला गेले. घरी त्यांच्या मुलानं दार अर्धंच उघडलं. ते इथं नसतात, म्हणाला, आणि माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघून दार लावलं. टॉर्चकाका सापडले बसथांब्याच्या शेडमध्ये, थिएटरच्या मागच्या फाटकासमोर. आत जायचं नाही आणि लांबही जाववत नाही, असे.

मी गाठोडं बाकावर ठेवलं. त्यांनी बघितलं आणि नजर वळवली, जणू मी त्यांना कपड्यांशिवाय पाहिलं होतं.

“काका, तुम्ही सांगितलं का नाहीत? आत येत होतो, एवढं जरी म्हणाला असतात.”

“मग विचारलं असतं, काय घेऊन येत होतास.”

“पण चोर म्हणाले तुम्हाला.”

“ते खोटं होतं, पोरी. खोटं सोसता येतं.” त्यांनी सतरंजीची निघालेली कड आत खोचली. “दुसरं खरं आहे. मुलानं घराबाहेर काढलं, हे भरल्या सभागृहात कसं सांगू? त्याला मी अक्षर गिरवायला शिकवलंय.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. रागानं नाही. ते बोलणं ऐकायचं त्यांच्यात बळ नव्हतं, एवढंच. म्हणाले, मामाला काय सांगायचं ते सांग, गाठोड्याचं सांगू नकोस.

आता माझ्यापुढे कोडं होतं. ते निर्दोष होते हे दाखवायचं तर ते सामान घेऊन आत आले हे दाखवावं लागणार. आणि ते दाखवलं की तोच प्रश्न येणार.

दुसरं कोडं मात्र सुटलं होतं. काच फुटली तेव्हा मामा डॉक्टरकडे, टॉर्चकाका अंगणाबाहेर. मावशींकडे ऑफिसची किल्ली नाही. चोरानं कपाटाला परत कुलूप लावून किल्ली खिळ्याला टांगली नसती, आणि रिकामं कपाट दिसू नये म्हणून पुढे फलक आणला नसता. पण या सगळ्याहून मोठा पुरावा वेगळाच होता. चित्र उलटं आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक माणूस त्या संध्याकाळी उठला, चित्र थांबवलं आणि सगळ्यांना म्हणाला, बघा.

६

सरांनी दार उघडलं आणि ते चौकटीत उभे राहिले. मागे पुस्तकांच्या उंच भिंती, वर अंधार, एका बाजूला भलीमोठी मोकळी जागा. त्यांनीच शिकवलेलं सगळं तिथे होतं. मला त्यातलं काही वाचवेना. दारात एक म्हातारा माणूस उभा होता आणि तो माझी वाट बघत असावा.

मी कानाचे हेडफोन त्यांच्या पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत.

आतून एक टॉवेल आणून त्यांनी टेबलावर उलगडला. आजोबांचा कॅमेरा. भिंगाच्या जागी काचेचे दात.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. ते त्या दुपारी लवकर आले होते. लॉबीत कुणी नव्हतं. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या चौकटींवर व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं. स्वतः कधी कॅमेरा डोळ्याला लावला नव्हता. लोक हसतील, विचारतील, सर, तुमची फिल्म कुठाय, म्हणून. त्यांना फक्त एकदा त्यातून बघायचं होतं. कुणी बघत नसताना. हाताला घाम आला होता.

“दुरुस्त करून गुपचूप ठेवणार होतो,” ते म्हणाले. “हे भिंग आता मिळत नाही.”

मी विचारलं, मग त्या संध्याकाळी चित्र का थांबवलंत.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, “सगळे विचारायला लागले आणि मी घाबरलो. थांबवलं, आणि थांबवल्याक्षणी वाटलं, ही आता उठेल. म्हणेल, सर, हे आपण उलटवलंय. मी तुझ्याकडे बघत होतो. तू उठलीस आणि भलतंच बोललीस.” त्यांनी टॉवेलची घडी नीट केली. “मग मला वाटलं, हिलाही ते उलटंच हवंय.”

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. चेहरा नुसता तापला, कानापर्यंत, आणि तापलेलाच राहिला. त्यांच्यावर ओरडायला आले होते. जे ओरडणार होते ते सगळं मलाही लागू होतं.

निघताना मी एवढंच म्हटलं की उद्या सकाळी मंडळ जमतंय, मी फिल्म पुन्हा दाखवणार आहे, सुलटी. मामाची मुदत उद्याच संपते. तुम्ही आलात तर बरं.

७

सकाळी सभागृह भरलेलं होतं. चोरीची बातमी चांगल्या सिनेमापेक्षा जास्त गर्दी खेचते. सर शेवटून दुसऱ्या रांगेत, कडेला. टॉर्चकाकांना मी बळेच आणलं होतं, पण ते आत येईनात, दाराबाहेर थांबले.

मी पडद्यापुढे उभी राहिले. वर्षभरात मिळवलेला सगळा आत्मविश्वास कुठे गेला होता कोण जाणे.

“हे चित्र मी उलटवलं होतं,” मी म्हटलं. “माणूस अपराधी दिसावा म्हणून. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवत होतात.”

आणखी काही ठरवलं होतं, ते विसरले. मामाला खूण केली. दिवे मालवले गेले.

आता संगीत नव्हतं. रिकामी भिंत, ऊन. मग कडेबाहेर काच फुटली आणि दोन-तीन खुर्च्या करकरल्या. घसा खाकरला, कुलूप लागलं. मग डावीकडचं दार, आणि टॉर्चकाका आत आले. मी चित्र रात्रभर मोठं करत बसले होते, इतकं की त्यात फक्त छातीपासून खालचं उरलं: शर्टाची बटणं, उजव्या कमरेचा टॉर्च आणि चालणारे पाय. गाठोडं नाही. चेहराही नाही. मोठं केल्यानं चित्र दाणेदार, भिकार दिसत होतं. स्पर्धेला ते कुणी घेतलं नसतं. माझ्या हातून झालेली तेवढीच एक चौकट मला आजही आवडते.

अंधारातून कुणीतरी विचारलंच, पण गाठोड्यात होतं काय?

“ते चौकटीबाहेर आहे,” मी म्हटलं.

पुन्हा प्रश्न यायच्या आत मागून खुर्ची वाजली. सर उभे राहिले होते. कॅमेरा माझ्या हातून फुटला, ते म्हणाले, एवढंच, पण व्याख्यानाच्या आवाजात नाही. पिशवीतला टॉवेल त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि ते बाहेर जायला वळले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

मामा केबिनमधून धावत खाली आला होता. त्याच्या हातात टॉर्च होता. दारात तो टॉर्चकाकांसमोर उभा राहिला, आणि टॉर्च पुढे केला. दोन्ही हातांनी. टॉर्चकाकांनी जरा वेळ बघितलं आणि घेतला.

सभागृहात अजून अंधार होता, दिवे लावायचे कुणाला सुचलं नव्हतं. सर मधल्या वाटेनं येत होते, हातानं खुर्च्या चाचपत. पायरीशी अडखळले. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या.

टॉर्चकाकांनी टॉर्च पेटवला.

उजेडाचा गोल गालिच्यावर पडला, सरांच्या पायांपुढे, आणि त्यांच्या एकेका पावलाबरोबर मागे सरकत त्यांना दारापर्यंत घेऊन गेला. त्यांचा चेहरा कुणालाच दिसला नाही.

मग तो उजेड वळला. खुर्च्यांच्या रांगांमधून सरकत पुढे आला, जिथे मी पडद्यापुढे एकटी उभी होते, माझ्या शाळेच्या बुटांपाशी येऊन थांबला, आणि वर चढला नाही.